पास, लाईट आणि एक मिटलेलं सीताफळ

कोईमतूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवर सीताफळं दिसली की माझी चाल आपोआप मंदावते. कारखान्यातून सुटलेल्या बायांचा लोंढा पुढं निघून जातो आणि मी गाडीपाशी उभी. गाडीवाली बाई "सीतापळम्, सीतापळम्" असं ओरडते. नाव आमचंच, फक्त परगावी येऊन आवाज जरा बदललेला. माझंही तसंच झालंय म्हणा. इथं मला कुणी सुमन म्हणत नाही, 'सुमनाऽ' म्हणतात, शेवटाला हेल काढून. पहिल्यांदा वाटायचं, दुसऱ्याच कुणाला बोलावतायत.

गाडीवाली कुणाला फळ दाबू देत नाही. दाबलं की हातावर मारल्यासारखं करते. मला मात्र ती काही म्हणत नाही, कारण मी दाबतच नाही. आमच्याकडं सीताफळ दाबून बघत नाहीत, त्याच्या डोळ्यात बघतात. फळ आतून भरलं की वरचे खवले एकमेकांपासून सरकतात आणि मधल्या भेगा पिवळसर पांढऱ्या दिसायला लागतात. त्याला आमच्याकडं म्हणतात, डोळे उघडले. उघडलेल्या डोळ्याचं फळ तोडावं, घरात ठेवावं, ते आपसूक पिकतं. मिटल्या डोळ्याचं तोडलं तर बहुतेक वेळा दगड होतं, मग काळं पडतं.

यंदा मी दोन घेतली. एकाचे डोळे अर्धे उघडलेले, दुसऱ्याचे अगदीच किलकिले. पिशवीत घालताना मी दिवस मोजत होते. फळं पिकायचे नव्हेत, शनिवार यायचे.

माझी लेक ईश्वरी सहावीत आहे. तिच्या शाळेत बाईंनी एक नवीनच टूम काढली. प्रत्येक पोरानं इंग्रजीतले दोन शब्द आणायचे, एकमेकांशी काही नातं नसलेले. प्रत्येक शब्दाचे किती अर्थ निघतात ते वर्गापुढं सांगायचं, आणि दोघांची तुलना करायची. इथपर्यंत ठीक. पण पुढं असं, की घरातलं एक मोठं माणूस सोबत उभं राहील आणि हे शब्द आपल्या गावात कसे वापरतात ते आपल्या भाषेत सांगेल. ईश्वरीचे वडील बोअरच्या गाडीवर असतात. ती गाडी तेव्हा आंध्रात कुठंतरी होती. म्हणजे मोठं माणूस मीच.

"आई, दोन शब्द दे ना."

"मी? अगं, मी इंग्रजीत नापास झालेली बाई."

"मग पास घेऊ," ती वहीतून वरही न बघता म्हणाली. "एक झाला. आता दुसरा."

तेवढ्यात लाईट गेली. इथं ती क्वचित जाते, पण गेली. अंधारात दोघी एकदमच हसलो. दुसरा शब्द न मागता घरात आला होता.

पास आणि लाईट. मी भात उतरवता उतरवता ते शब्द तोंडात घोळवत राहिले आणि बघता बघता कोईमतूरच्या स्वयंपाकघरातून निघून आमच्या बीडकडच्या चौसाळ्याच्या वरच्या डोंगरात जाऊन पोचले. नववीत दांडी उडाली त्या वर्षीच्या सीताफळांच्या दिवसांत.

त्या वर्षी पास हा शब्द आमच्या घरात कुणी काढत नव्हतं. जेवताना कुणी बोलता बोलता "घरकुल पास झालं का त्याचं?" असं म्हणालं की लगेच जीभ चावायचं आणि माझ्याकडं बघायचं. इंग्रजीचा पेपर कोरा नव्हता दिला मी. भरपूर लिहिलं होतं, पण काय लिहिलं ते माझं मलाही सांगता आलं नसतं. परत त्याच वर्गात, मागून आलेल्या पोरींच्या बाकावर बसायची मला लाज वाटली. घरच्यांनी आग्रह केला नाही. चुलती म्हणाली, "पोरगी घरात बसून कुढतीया. येऊ दे माज्यासंगं डोंगरावर."

ही माझी कावेरीकाकू. माहेर गेवराईकडचं, सगळं सपाट, कापसाचं. लग्न होऊन आली तेव्हा डोंगर बघून रडली होती म्हणे. आणि पुढं त्याच डोंगरातली सीताफळं तिच्याइतकी कुणाला ओळखता येत नव्हती. तिचा मुलगा शिवा माझ्याच वर्गात. तोही नापास, तोही माझ्याबरोबरच, पण माझा एक विषय राहिलेला तर त्यानं पुष्कळ राहू दिलेले. फरक एवढाच, की मी दिवसातून दहादा रडायची आणि तो ज्वारीच्या गरम भाकरीवर तेल-चटणी घेऊन खायचा. वर मला म्हणायचा, "सुमे, लाईट घे की."

हा 'लाईट घे' त्याला कॉलेजला जाणाऱ्या कुण्या पोरानं शिकवला होता. तेव्हापासून प्रत्येक गोष्टीवर तोच. सायकल पंक्चर? लाईट घे. म्हैस पान्हवत नाही? लाईट घे. काकू एकदा वैतागून म्हणाली, "मेल्या, लाईट घे लाईट घे करतुया, आदी ती बिलातली लाईट भर!"

आमच्या गावात लाईट म्हणजे बाईमाणूस. ती येते, जाते, रुसते. भरल्या घरात गेली की म्हातारी माणसं म्हणायची, माहेरी गेली. आणि परत आली की सगळ्या आळीत एकच आरोळी, "आलीऽऽ!" कुणाच्या लेकीचंही इतकं स्वागत झालं नसेल. ईश्वरीच्या डिक्शनरीत तिचे आणखी अर्थ निघाले. उजेड. पेटवणं. वजनानं हलकं. फिकट रंगाचं. मी म्हटलं, फिकट कशाला, माझं लग्नातलं लुगडं लाईट गुलाबीच होतं. दुकानदारानं तसंच सांगितलं होतं, आणि एका धुण्यात ते अजून लाईट झालं. ईश्वरी हसून हसून वहीवर आडवी झाली. तेही लिहून घेतलं.

डोंगर कुणा एकाचा नव्हता. सीताफळाची झाडं तशीच उगवलेली, बुटकी, वाकडी, दगडातून निघालेली. शेळ्या त्यांना तोंड लावत नाहीत म्हणून ती उरली, असं काकू सांगायची. सकाळी दव असतानाच आम्ही निघायचो. हातात आकडी, म्हणजे टोकाला वाकडा खिळा बसवलेली काठी, आणि डोक्यावर पाटी. पाल्याला एक कडवट वास असतो, तो बोटांना दिवसभर राहतो. जेवताना भाकरीलाही तोच वास. आज कधी इथं बोटं नाकाशी नेली तर वंगणाचा येतो. त्याचंही मला वाईट वाटत नाही, पण सीताफळांच्या दिवसांत तो कडवट वास यावा म्हणून मी नाक लावून बघते.

बायका झाडाखाली उभ्या राहून फळांशी बोलायच्या. "हं, हिचा डोळा उघडला." "ही अजून झोपेत हाय, ऱ्हाऊ द्या." "हिला उद्या उठवू." एवढ्या मोठ्या डोंगरभर जणू कुणी निजलेली लेकरं ठेवलीत आणि आम्ही हलक्या हातानं त्यांना बघत फिरतोय.

आमच्या डोंगरात एक रीत होती. मोसमातलं पहिलं डोळे उघडलेलं फळ जिच्या हाताला लागेल तिनं ते विकायचं नाही, स्वतः खायचं नाही, स्वतःच्या लेकरालाही द्यायचं नाही. वाटेत जे पहिलं दुसऱ्याचं लेकरू भेटेल त्याच्या हातावर ठेवायचं. पहिला डोळा दुसऱ्याच्या लेकराचा. का, ते कुणी सांगितलं नाही. काकूला विचारलं तर म्हणाली, "कावून म्हंजे? आपल्या लेकरापुरतं तर माकडीनबी बघती."

खाली रस्त्याला गुत्तेदाराचा टेम्पो यायचा. गुत्तेदार म्हणजे सगळ्यांचा माल एकत्र उचलणारा ठेकेदार. त्याचा एक माणूस असायचा, डोक्याला कायम मफलर, ऊन असो की थंडी. तो प्रत्येक पाटी उपसून फळाचे डोळे बघायचा आणि कॅरेटात टाकताना म्हणायचा, "पास. पास. हे पास." नको असलेलं नुसतंच बाजूला ठेवायचा. पहिल्या दिवशी माझी पाटी त्याच्यापुढं गेली तेव्हा मी मागं सरकले. काकूच्या पदराआड उभी राहिले. त्यानं एक एक फळ फिरवलं आणि शेवटी रिकामी पाटी माझ्याकडं सरकवून म्हणाला, "पुरी पास. कुणाची पोरगी ही?"

"माजी," काकू म्हणाली. चुलती न म्हणता, नुसतं "माजी".

त्या शब्दानं मला त्या दिवशी जे दिलं ते मी अजून खातेय.

शिवाचा किस्सा सांगितल्याशिवाय हा मोसम पुरा होत नाही. त्याला चौसाळ्याला व्हॉलीबॉलची मॅच बघायला जायचं होतं. नुसती बघायची नव्हती, कुणी जायबंदी झालं तर खेळायचंही होतं. म्हणून त्यानं एक झाड गाठलं आणि डोळे-बिळे न बघता आकडीनं सगळं झोडपून पाटी शिगोशिग भरली. वर मात्र शहाण्यानं उघड्या डोळ्यांची फळं रचली. मफलरवाल्यानं वरची फळं उचलली, "पास, पास," आणि मग हात खाली गेला. एक काढलं, दुसरं काढलं. मग पाटीच उपडी केली.

"काय बे, ही काय लिंबं हायती का?"

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. काकू तर खालीच बसली. "आरं शिवा, शाळंत नापास झाला ते झाला, आता डोंगरावर बी?"

शिवा गोरामोरा झाला, पण क्षणभरच. मग मान हलवून म्हणाला, "लाईट घ्या की सगळी. घरी निऊन पिकवतो." आणि खरंच ती पाटी डोक्यावर घेऊन घरी गेला. मॅचही हुकली. ज्वारीच्या कडब्यात त्यानं ती सगळी फळं पुरली, वर गोणपाट टाकलं आणि येता-जाता हात घालून बघत राहिला. काकू रोज विचारायची, "उठली का तुजी लिंबं?"

बरीच काळी पडली. ती शेणात गेली. पण एके दुपारी मी अंगणात भांडी घासत होते, तो मागून आला आणि माझ्यासमोर हात केला. हातावर मऊ पडलेलं, भेगाभेगांतून पांढरं दिसणारं सीताफळ.

"कडब्यातलं?"

"खाऊन बघ आदी."

फोडलं. गर असा बोटांना चिकटला, आणि गोड म्हणजे लई गोड. झाडावर डोळे उघडलेल्यापेक्षा काही कमी नाही. मी बिया थुंकत त्याच्याकडं बघितलं.

"मफलरवाल्याला दाव," तो म्हणाला. "म्हणावं, ह्ये नापास हाय."

त्या दुपारी मी नववीनंतर पहिल्यांदा पोट धरून हसले. का ते नीट सांगता येणार नाही. नापास झालेलं फळ गोड निघालं म्हणून माझं पुढचं सगळं गोड होणार, असं काही मला तेव्हा वाटलं नव्हतं, आणि आजही वाटत नाही. काळी पडलेलीही मी बघितली होती. पण मफलरवाला खोटं बोलला नव्हता, आणि कडबाही खोटं बोलत नव्हता. दोघांचं म्हणणं एकाच वेळी खरं असू शकतं, हे तेव्हा जिभेला कळलं.

आता मजा बघा. मी आज पंपाच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. शेतातल्या विहिरी-बोअरमध्ये सोडायच्या मोटारी इथं बनतात. तयार मोटार पाण्याच्या हौदात उतरवायची, करंट सोडायचा, पाण्याचा जोर बघायचा, आवाजाला कान द्यायचा. सगळं नीट असलं की पॅनलवर हिरवी लाईट लागते आणि मी मोठ्यानं म्हणते, "पास!" म्हणजे पुढची बाई तिला बाहेर ओढते. नववीत नापास झालेली सुमन दिवसभर पास, पास म्हणत असते. पहिल्यांदा आमच्या सुपरवायझर सेल्वीअक्कांनी मला ह्या कामाला उभं केलं तेव्हा माझ्या तोंडून आवाजच निघेना. मोटारीला पास म्हणणारी मी कोण? अक्का माझ्यामागं उभ्या राहिल्या, पाठीवर हात ठेवला. भाषा कळत नव्हती, हात कळला. त्यांची मी जन्माची ऋणी आहे. त्या पाठीवरच्या हाताला काकूच्या "माजी"चा वास होता.

पण बघा, हिरवी लाईट लागली नाही तरी आमच्याकडं मोटार फेकून देत नाहीत. ती बाजूला ठेवतात, उघडतात, कुठं काय अडलंय बघतात आणि परत हौदात सोडतात. कोईमतूरचा कडबाच तो.

हे सगळं मी ईश्वरीला सांगत गेले आणि ती लिहीत गेली. पासचे तिच्याकडचे अर्थ वेगळे होते. दोन डोंगरांमधली वाट, म्हणजे आपली खिंड. मरण पावणं यासाठीही इंग्रजीत पासच म्हणतात, हे ऐकून मी जरा दचकलेच. शेवटच्या परीक्षेत सगळेच पास, कुणी राहात नाही, हे बरं आहे की. माझ्याकडून तिला एस.टी.चा पास मिळाला, बसस्टँडवरचे "टाईमपास, टाईमपास" म्हणत फिरणारे शेंगदाणेवाले मिळाले, गावाला चुकवून जाणारा बायपास मिळाला, आणि तेवीस पासिंग मिळालं.

तेवीस पासिंग म्हणजे आमच्या बीडच्या गाड्यांचा नंबर. एकदा इथल्या मोठ्या रस्त्यावर तेवीस पासिंगचा ट्रक दिसला. मी हातातली पिशवी खाली ठेवून दोन्ही हात हलवले. ड्रायव्हरनं ओळखदेख नसताना हॉर्न दिला. कोण होता, कुठल्या गावचा, काही कळलं नाही. मला तो दिवसभर पुरला.

तुलना कर म्हणाल्या होत्या बाई. मग आम्ही मायलेकींनी तीही केली. पास हा शब्द नेहमी दुसऱ्याच्या तोंडात असतो. आपण पाटी घेऊन उभं राहायचं आणि त्यानं म्हणायचं. लाईटचं तसं नाही. ती कुणी म्हटल्यानं येत नाही आणि कुणी रागावल्यानं राहात नाही. आणि वजनाची लाईट तर आपल्याच हातात. घ्यायची म्हटली तर कुणाला विचारावं लागत नाही. शिवाला हे न शिकता कळलं होतं. मला शिकूनही रोज नव्यानं शिकावं लागतं.

शुक्रवारी मी तांदळाच्या डब्यात हात घातला. फळं तिथं ठेवली होती, कडबा इथं कुठून आणणार? अर्ध्या डोळ्यांचं जरासं नरम लागलं. दुसरं दगड. शाळेत फळ न्यायचं हे माझंच खूळ होतं. तोंडातून शब्द नाही निघाले तर हातात काहीतरी असावं.

शनिवारी शाळेत गेले. वर्गात पोरांचे आईवडील बसलेले, कुणी बँकेतले, कुणी इंजिनिअर. भिंतीला चिकटून उभी राहिले. ईश्वरीचं नाव आलं. ती ताठ उभी राहून इंग्रजीत बोलली, डिक्शनरीतलं, माझं, सगळं मिसळून. लाईट गुलाबी लुगड्याच्या गोष्टीवर पोरं हसली. मग बाई माझ्याकडं वळून गोड हसल्या आणि म्हणाल्या, या.

मी पुढं गेले. तोंड उघडलं. काही नाही. सगळं डोकं एकदम कोरं, जसा तो नववीचा पेपर असायला हवा होता. समोर एवढी तोंडं. हातातली पिशवी मी दुसऱ्या हातात घेतली. आता ह्या पोरीची मान माझ्यामुळं खाली जाणार, एवढंच कळत होतं.

ईश्वरीनं माझ्या साडीचा पदर हळूच ओढला. आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात, आमच्या घरातल्या चौसाळ्याच्या मराठीत म्हणाली, "आई, लाईट घे की."

कुणाला कळलं नसेल. मला शिवा दिसला, डोक्यावर मिटल्या डोळ्यांची पाटी घेतलेला. आणि मी हसले. खळखळून, भर वर्गात. मला हसताना बघून पोरंही हसायला लागली.

मग मी पिशवीतून फळ काढलं आणि त्याचे डोळे त्यांना दाखवले. मी मराठीत बोलत होते, मधेच मोडकंतोडकं तमिळ, ईश्वरी इंग्रजीत करत होती. डोंगर सांगितला, मफलर सांगितला, "पास, पास" त्याच्या आवाजात म्हणून दाखवलं. शेवटी फळ दोन्ही हातांनी फोडलं. फुटलं! आतून पांढरंशुभ्र. पहिल्या बाकावर दात पडलेला एक मुलगा होता. त्याचं नावही मला माहीत नाही. पहिला घास त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो एकदम तोंडात टाकला आणि बिया कुठं थुंकायच्या ते न कळून गाल फुगवून बसला. बाईंनीच त्याच्यापुढं हात केला.

घरी येताना ईश्वरी फुरंगटली होती. "मला एक बोट तरी ठेवायचंस."

"पहिला डोळा दुसऱ्याच्या लेकराचा असतो."

"कावून?" ती म्हणाली. अगदी काकूसारखं, हनुवटी वर करून.

मी शिवाला फोन लावला; शनिवारचं त्याला आणि काकूला आधीच सांगून ठेवलं होतं. त्याचं चौसाळ्याला हायवेच्या कडेला टायरचं दुकान आहे. मागं ट्रकांचा आवाज. "काय झालं सुमे? रडलीबिडली न्हाईस ना?" मी सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "आईला सांगतो. तुज्या काळजीनं तिनं सकाळपास्नं तोंडात पाणी घेतलेलं न्हाई."

ईश्वरी तोवर स्वयंपाकघरात जाऊन तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. दुसरं सीताफळ बाहेर काढून तिनं दाबलं, मग आठवण होऊन दाबायचं सोडलं आणि उजेडात धरून त्याचे डोळे बघितले.

"आई, हे उठणार नाही. टाकून देऊ?"

मी तिच्या हातातून ते घेतलं. गार होतं, जड होतं. एका बाजूला, देठाजवळ, एक भेग किंचित पिवळी झाली होती. किंवा मला तसं वाटलं. परत तांदळात खोल ठेवलं, वरून मूठभर तांदूळ सारले आणि डब्याला झाकण लावलं.

"राहू दे," मी म्हणाले. "अजून झोपेत आहे."